दूरचे युद्ध आणि घरचा कापूस

युद्धाच्या कथा रम्य असतात, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. परंतु ही रम्यता ऐकणाऱ्याच्या वाट्याची असते, आणि तीही तो रणभूमीपासून पुरेसा दूर असेल तोवरच. तोफेचा गोळा काही मैलांवर जाऊन पडतो. बाजारभावाला मात्र अशी मर्यादा नाही. तो समुद्र ओलांडतो, घाट चढतो आणि ज्या कुणब्याने त्या युद्धाचे नावही धड ऐकलेले नसते त्याच्या अंगणात येऊन उभा राहतो. दूरच्या युद्धाची झळ ही अशी पायवाटेने येते, म्हणून ती पुष्कळदा इतिहासाच्या ग्रंथांतून निसटते.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि कोकणातील व गोमंतकातील ताटांतून रंगूनचा तांदूळ नाहीसा झाला, ही हकीकत आमच्यापैकी पुष्कळांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. पण आज ज्या युद्धाविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे ते त्याच्याही ऐंशी वर्षे आधीचे, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण संस्थाने १८६१ ते १८६५ या चार वर्षांत एकमेकांशी लढली. त्या युद्धाने तेथील गुलामगिरी संपविली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच युद्धाने मुंबईचा तोंडवळा बदलला, खानदेश-वऱ्हाडातील शेताचे पीक बदलले, कारवारचा जिल्हा एका इलाख्यातून दुसऱ्या इलाख्यात नेऊन ठेवला आणि दक्षिणेतील शेतकऱ्याच्या डोक्यावरील कर्जाचा बोजा वाढविला, ही गोष्ट मात्र तितकी लक्षात घेतली जात नाही.

प्रथम या दोन टोकांना जोडणारा धागा कोणता ते पाहू. तो धागा अक्षरशः धागाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या साऱ्या जगाला कापड पुरवीत होत्या, आणि त्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे पाच हिश्श्यांपैकी जवळजवळ चार हिस्से अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून, गुलामांच्या श्रमांतून, येत असत. हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला म्हणून गिरणीमालक त्याला दुय्यम मानीत. अमेरिकेचे पीक कमी आले तरच त्याची आठवण होई. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या. त्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. दक्षिणेनेही आपला कापूस रोखून धरला. कापसावाचून इंग्लंड कासावीस होईल आणि आपल्या बाजूने उभे राहील, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. पण कापूस थांबला तो थांबलाच.

लँकेशायरचे हाल काय झाले हे सांगितल्यावाचून आमच्याकडील तेजीचा अर्थ कळणार नाही. १८६२ च्या अखेरीस तेथील सुमारे पाच लक्ष माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. गिरण्या बंद पडल्या, घरांतील सामानसुमान गहाण पडले. ज्या गिरण्या चालू राहिल्या त्यांना आमच्याकडील ‘सुरती’ कापूस वापरावा लागला, आणि तो इतका तुटे की कामगारांच्या बोलीत ‘सुरत’ हा शब्द वाईट मालाचा वाचक बनला. तरीही त्या वाईट मालावाचून इलाज नव्हता. युद्धाच्या मधल्या वर्षांत ब्रिटनला मिळालेल्या कापसापैकी निम्म्याहून अधिक हिंदुस्थानातून गेला. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच खरी ठरली असेल.

लाभ केवढा? हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या कापसाची किंमत १८६० च्या सुमारास साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास होती. १८६४-६५ मध्ये ती साडेसदतीस कोटींच्या घरात गेली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कापूस काही सात पटींनी अधिक पिकला नव्हता. पेरा वाढला, साठे बाहेर निघाले, जुन्या गाद्यांतील कापूससुद्धा उसवून बाजारात आला, असे त्या काळच्या लिखाणांतून सांगितले आहे. परंतु वाढीचा मोठा भाग हा वजनाचा नसून भावाचा होता. जमीन तीच, बैल तेच, पाऊसही तोच. फक्त लिव्हरपूलच्या बाजारातील आकडा चौपटीहून वर चढला. आमच्या कष्टांचे मोल आमच्या कष्टांनी ठरलेले नव्हते. ते जितक्या अनपेक्षितपणे वाढले तितक्याच अनपेक्षितपणे उतरू शकत होते, आणि ही जाणीव त्या चार वर्षांत फारच थोड्यांना राहिली.

हा पैसा ज्या दाराने आत आला ते दार मुंबई. या चार-पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा सुमारे आठ कोटी दहा लक्ष पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज पुढील लेखकांनी मांडला आहे. इतकी चांदी एकाएकी आली, तिचे करावे काय? गिरण्या काढाव्यात तर कापूस परदेशी धाडण्यातच अधिक नफा. दूरच्या कामात गुंतवावी तर तितका धीर कोणाला? तेव्हा पैशातून पैसा काढण्याचा मार्ग लोकांनी धरला. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत एकतीस बँका, सोळा वित्त मंडळ्या, आठ जमिनीच्या कंपन्या, कापूस दाबण्याच्या सोळा, जहाजांच्या दहा आणि विम्याच्या वीस कंपन्या होत्या. या पसाऱ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हा तिशी नुकतीच ओलांडलेला कापसाचा दलाल होता. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजारांच्या घरात विकला जात होता. समुद्र अजून जागच्या जागी होता. त्याच्या पोटातील जमीन मात्र कागदावर दहा वेळा विकून झाली होती.

या उन्मादाच्या ऐन प्रारंभी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मूळच्या गोमंतकीय असलेल्या या लेखकाने मराठीत लिहिलेले ते पुस्तक म्हणजे या नगरीचे पहिले चरित्रच होय. त्यांनी वर्णिलेली मुंबई त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होती. किल्ल्याचा जुना कोट याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला, रस्ते रुंद झाले, मोठमोठ्या इमारतींचे आराखडे निघाले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. रत्नागिरीहून, सावंतवाडीहून, गोमंतकातून, घाटावरून माणसे पडावांतून, आगगाडीतून आणि पायी मुंबईस येत होती. मजुरी चढली होती हे खरे. पण धान्य, भाडे आणि सरपणही चढले होते. ज्यांचा पगार ठरीव होता अशा कारकून-शिक्षकांना ही तेजी म्हणजे एक न कळणारी महागाई वाटली असल्यास नवल नाही. ज्याच्या हाती कापूस नव्हता आणि शेअरही नव्हता, त्याला समृद्धीचा प्रत्यय वाण्याच्या दुकानातील चढत्या भावानेच येत होता.

आता बंदर सोडून कापसाच्या मागोमाग रानात जाऊ. खानदेश आणि वऱ्हाड या प्रांतांतील काळी जमीन कापसास पोषक. वऱ्हाडचा प्रांत १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. तेथील कापूस पूर्वी वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून महिनोन्महिने चालत जाई. पावसात भिजे, धुळीत माखे. युद्धाच्या काळात रेल्वेची कामे झपाट्याने पुढे सरकली. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये रेल्वेने जिंकला, त्यासाठी एका वेळी चाळीस हजारांवर मजूर खपत होते. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसपेठेपर्यंतचा फाटा खुला करण्यास प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका पेठेसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरूनच त्या पेठेकडे राज्यकर्ते कोणत्या दृष्टीने पाहत होते ते कळते.

तेजीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. कोणी चांदीचा फाळ केला, कोणी गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसविली, अशा कथा त्या काळच्या इंग्रज अंमलदारांच्या लेखनात आढळतात. त्यांत अतिशयोक्ती असेल; पण ज्या घरात पूर्वी लग्नकार्यातच रुपया दिसे तेथे तो हंगामात दिसू लागला, इतके तरी त्यांतून निश्चित निघते. मात्र या चांदीच्या धावेची दुसरी बाजूही आहे. रुईचा भाव चढताच गावच्या विणकराला सूत परवडेनासे झाले. शेजारच्या शेतातील कापूस त्याच्या मागापर्यंत न पोहोचता लिव्हरपूलला जाऊ लागला, आणि कित्येक विणकरांनी माग सोडून कुदळ हाती घेतली. ज्वारीच्या जमिनीवर कापूस आला, तेव्हा धान्य विकत घेण्याची पाळी अधिक घरांवर आली. एकाच गावात एकाच भावाने एकाला चांदी दिली आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला.

मागणी इतकी आतुर झाल्यावर माल शुद्ध राहील हे शक्य नव्हते. वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारणे, गासडीत सरकी, माती, प्रसंगी दगडसुद्धा घालणे, असे प्रकार सर्रास होऊ लागले. तेव्हा मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला आणि तपासनीस नेमले. लबाडी करणारे हात अनेक होते. शेतकरी, फिरता खरेदीदार, आडत्या, वखारवाला या साखळीत कोणी कोठे पाणी घातले हे ठरविणे सोपे नव्हते. पण युद्धाने निर्माण केलेली घाई माणसाच्या नीतीवरही कशी स्वार होते, याचा हा कायदा म्हणजे एक सरकारी पुरावाच आहे.

आमच्या सीमाभागातील वाचकांना अधिक जवळचा असा या कथेचा एक अध्याय आहे, तो कारवारचा. धारवाडच्या रानात १८४० नंतरच्या दशकात अमेरिकन जातीचे सरकीबीज रुजविण्यात आले होते, आणि ‘धारवाड अमेरिकन’ या नावाचा कापूस बाजारात ओळखला जाऊ लागला होता. हा कापूस, तसाच बेळगावकडील काही कापूस, बैलांवरून व गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात येई आणि तेथून पडावांनी मुंबईस जाई. यावरूनच कापसाच्या एका जातीला व्यापारात ‘कुमठा’ हे नाव पडले. पण कुमठ्यास मोठी जहाजे लागण्याजोगा आसरा नव्हता. काळी नदीच्या मुखाशी असलेल्या कारवारच्या खाडीत तो होता. तेव्हा धारवाडचा कापूस मुंबईचा वळसा टाळून कारवारहूनच सरळ इंग्लंडला न्यावा, अशी मागणी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी लावून धरली.

अडचण अशी होती की धारवाड मुंबई इलाख्यात, तर कारवारसह सारा कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात. रस्ता एकाने करावयाचा आणि बंदर दुसऱ्याने, आणि या दोघांचे खजिने वेगळे! यावर उपाय म्हणून १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबईकडे देण्यात आला. कारवार हे जिल्ह्याचे ठाणे झाले. समोरच्या बेटावर १८६४ मध्ये दीपगृह उभे राहिले. मँचेस्टरवाल्यांनी स्थापिलेल्या कंपनीने कापूस दाबण्याची यंत्रे सदाशिवगडास आणविली, तेव्हा घाटातून खाली उतरणारा रस्ताच पुरता तयार नव्हता. यंत्रे बंदरात आणि कापूस घाटावर, असा प्रकार झाला. रस्ता होईपर्यंत युद्ध संपत आले.

कारवारला रेल्वे जोडण्याच्या योजना त्यानंतरही निघत राहिल्या आणि बारगळत राहिल्या. अखेर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर लोहमार्ग झाला तो गोमंतकातून, मुरगावला. १८८८ च्या सुमारास तो घाटावरील मार्गाशी जोडला गेला आणि हुबळी-धारवाडकडील माल त्या वाटेने जाऊ लागला. कारवारचा व्यापार त्यानंतर उतरणीस लागला. येणेप्रमाणे, जो कापूस कारवारचे नशीब उजळणार होता तो मुरगावला गेला. परंतु त्या कापसासाठी बदललेली इलाख्याची सीमा मात्र तशीच राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौऱ्याण्णव वर्षे, हा जिल्हा मुंबईच्या कारभारात होता. त्याचे खटले मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे जात, त्याची मुले मुंबई विश्वविद्यालयाच्या परीक्षांस बसत, त्याचे तरुण नोकरीसाठी मुंबईची वाट धरीत. कोंकणी आणि मराठी यांचे या किनाऱ्यावरील नाते अर्थात फार जुने. पण गेल्या दीड शतकात त्याला जो आकार आला त्यात व्हर्जिनियाच्या रणांगणाचाही काही वाटा आहे, हे पाहून मन थक्क होते. सीमा आखणाऱ्यांच्या मनात भाषेचा विचार नव्हता. त्यांच्यासमोर होती ती गासडी.

भरतीनंतर ओहोटी यावयाचीच. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले. पण बाजार त्याआधीच हादरू लागला होता. तहाची नुसती कुणकुण लागली की लिव्हरपूलचा भाव घसरे, आणि इराणी आखाताच्या मार्गाने नुकतेच जोडले गेलेले तारायंत्र ती बातमी आता पूर्वीपेक्षा लवकर मुंबईस आणून टाकी. १ जुलै १८६५ या दिवशी शेअरांचे असंख्य वायदे एकदम पुरे व्हावयाचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा देणारे आणि घेणारे दोघेही बुडालेले होते. बॅक बेच्या भागांची किंमत पार कोसळली. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. सरकारचा स्वतःचा पैसा ज्या बँकेत होता ती ही बँक १८६८ मध्ये बंद करावी लागली, आणि तिच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता पावणेदोन लक्षांच्या जवळपास माणसे कमी झालेली दिसतात. ती कोठे गेली? पुष्कळशी ज्या वाटेने आली त्याच वाटेने, कोकणात आणि घाटावर, परत गेली असली पाहिजेत.

बुडालेल्यांत लहानथोर सारेच होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचेच उदाहरण घ्या. गोमंतकातील मांद्रे गावचा हा सुपुत्र निष्णात वैद्य, प्राचीन लेखांचा व्यासंगी संशोधक आणि लोकसेवेत अग्रेसर म्हणून साऱ्या मुंबईला ठाऊक होता. शेअरांच्या या वावटळीत त्यांचीही मिळकत गेली. विद्वत्ता आणि सचोटी यांचे कवच या रोगाला पुरत नाही, असेच म्हणावे लागते. नसरवानजी टाटा यांच्या पेढीलाही मोठा धक्का बसला. त्यांचे चिरंजीव जमशेटजी त्या वेळी इंग्लंडात होते, आणि हाती असलेली कागदपत्रे तेथे मातीमोल झालेली त्यांना पाहावी लागली. ही पेढी पुढे सावरली तीही १८६७-६८ च्या ॲबिसिनियावरील इंग्रजांच्या स्वारीला रसद पुरविण्याच्या मक्त्यात भाग मिळाल्यामुळे. एका दूरच्या युद्धाने बुडविले आणि दुसऱ्या दूरच्या युद्धाने तारले!

तथापि शहराच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पूर ओसरल्यावर शहरात काही गाळ मागे राहिला, आणि त्यावर पुढे पीक आले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेल्या देणग्यांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ मध्ये पुरा झाला तेव्हा देणगी देणाऱ्याचे दिवाळे निघून बारा वर्षे लोटली होती. हटविलेल्या समुद्राची काही पट्टी शहरास मिळाली. सट्ट्याने पोळलेले भांडवल पुढील दशकात गिरण्यांकडे वळले. १८७७ मध्ये जमशेटजींनी नागपुरास, ऐन कापसाच्या मुलखात, एम्प्रेस मिल सुरू केली. अर्थात गिरण्यांच्या उदयाला इतरही कारणे होती. पण शहराने हानी सोसूनही काही वास्तू, काही संस्था आणि काही शहाणपण पदरात पाडून घेतले, यात शंका नाही.

खेड्याच्या पदरात काय पडले? येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावे काही कापसाची मोठी आगरे नव्हती. परंतु त्या वर्षांत सर्वच मालाचे भाव चढले होते, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळत होती, गाडी-बैलांना भाडे मिळत होते, आणि मुख्य म्हणजे सावकार सढळ हाताने कर्ज देत होता. चढत्या भावाचे पीक तारण असले की कोणीही कर्ज देतो. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार जुने खत फिरवून घेई, थकलेले व्याज मुद्दलात घाली, आणि वाचता न येणारा कुणबी त्यावर निशाणी करी.

याच सुमारास जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. इंदापूर तालुक्यात १८३६ साली ठरलेला सारा १८६७ मध्ये पुन्हा ठरविण्यात आला. अंमलदारांनी भोवताली पाहिले. भाव चढलेले, गाड्या वाढलेल्या, रेल्वे आलेली. त्या दृश्याच्या आधारे सारा दीडपटीच्या आसपास वाढविला गेला, काही गावांत त्याहूनही अधिक. मागोमाग भीमथडी आणि इतर तालुक्यांतही तेच झाले. नदीला पूर आला असताना पाण्याची उंची मोजावी आणि पुढील तीस वर्षे नदी तेवढीच वाहील असे धरून चालावे, तसा हा प्रकार होता. भाव काही वर्षांत खाली आले. सारा वरच राहिला. रेल्वेची कामे संपली; व्याज चालूच राहिले. सावकारानेही हात आखडता घेतला आणि जुनी खते घेऊन तो न्यायालयात उभा राहिला. जमिनी जाऊ लागल्या. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या या स्थितीची विचारपूस करून ती सरकारपुढे मांडली. १८७४ मध्ये सरकारलाही वाढीव साऱ्यावर मर्यादा घालावी लागली. पण तोवर उशीर झाला होता.

१२ मे १८७५ हा सुपे गावच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी भीमथडीतील या गावी जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेथून हा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. सरकारी चौकशीत असे आढळले की लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते हाती लागली, जाळली, की पुष्कळ ठिकाणी जमाव पांगे. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने थोडे. यानंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. या दंग्याला अमेरिकेतील युद्धच कारण, असे आम्ही म्हणत नाही. साऱ्याची पद्धत, न्यायालयांची रीत, पावसाची लहर आणि सावकारीचे जुने दुखणे ही कारणे होतीच, आणि अभ्यासकांत त्यांच्या प्रमाणाविषयी मतभेदही आहेत. पण चढत्या भावाच्या वर्षांत जे कर्ज आणि जो सारा शेतकऱ्याच्या माथी आला तो उतरत्या भावाच्या वर्षांत त्याला पेलेना, इतका संबंध नाकारता येणार नाही.

एकाच युद्धाचा एकाच पैशाने केलेला हा प्रवास पाहिला म्हणजे एक भेद स्पष्ट दिसतो. शहरातील व्यापाऱ्याने धोका जाणूनबुजून पत्करला होता; तो बुडाला तेव्हा त्याच्यासाठी दिवाळखोरीचा खास कायदा १८६५ मध्ये तत्काळ झाला. शेतकऱ्याने कोणताच सट्टा खेळला नव्हता. त्याने नेहमीप्रमाणे पेरले, नेहमीप्रमाणे निशाणी केली. तरी त्याच्या नावावर एक वायदा लिहिला गेला होताच. लिव्हरपूलचा भाव असाच राहील, या गृहीतावर सरकारने सारा आणि सावकाराने कर्ज ठरविले होते. त्याला दिलासा देणारा कायदा होण्यास चौदा वर्षे लागली, आणि तीही खते जळाल्यानंतर.

ही कथा संपली असे मानण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी युद्ध पेटले आणि आमच्या घरांतील सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला, शेतातील खताचे गणित बिघडले. कापसाचा भावही त्या वर्षी उंच चढला आणि नंतर उतरला. दूरच्या युद्धाची बातमी वाचताना आपण नकाशावर सैन्ये कोठवर आली ते पाहतो. त्याबरोबरच आपल्या तालुक्यात त्या चढत्या भावावर कोण कर्ज काढीत आहे, कोण कर ठरवीत आहे आणि कोण नवे पीक घेत आहे, हेही पाहिले पाहिजे. सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांवर चार्ल्स्टन, व्हर्जिनिया किंवा लिव्हरपूल ही नावे कोठेही लिहिलेली नव्हती. तेथे होती ती एका कुणब्याचे नाव, एक रक्कम, आणि खाली नांगराची निशाणी.